उतार एकास बारा

मोशी,
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय बुद्धरत्न यांस,
सप्रेम नमस्कार.

अपघातानंतर तुम्ही आमच्या चाळीतली खोली सोडून गावी गेल्याला येत्या मार्चमध्ये दोन वर्षे होतील. या काळात मी तुम्हाला तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा प्रकृतीच्या चौकशीपलीकडे काही बोललो नाही, याची मला जाणीव आहे. आज मुद्दाम पत्र लिहीत आहे. विषय आकड्यांचा आहे, आणि आकडे फोनवर सांगितले की ऐकणारा ते आपल्या सोयीने गोल करतो.

कंपनीने मला एका अभ्यासक्रमाला पाठवले आहे. चिंचवडला सहा शनिवार वर्ग आहे. दिव्यांग व्यक्तींना वापरता येतील अशा इमारती कशा असाव्यात, त्याची मानके शिकवतात. वर्गात बहुतेक वास्तुविशारद, बांधकाम अभियंते आणि ठेकेदार आहेत. बी.कॉम. झालेला मी एकटाच. हजेरीच्या वेळी माझ्या नावापुढची पदवी वाचून शेजारच्या ठेकेदाराने विचारले, "काका, तुम्ही चुकून आलात का?" मी म्हटले, चुकून नाही, लेखी आदेशाने आलो आहे.

आदेशाचे कारण असे. जुलैमध्ये परदेशी ग्राहकाची माणसे चाकणला तपासणीसाठी येणार आहेत. त्यांच्या प्रश्नावलीत या वर्षी प्रथमच एक भाग आहे: इमारतीत दिव्यांग कर्मचारी वावरू शकतो का? त्यामुळे आमची प्रशासकीय इमारत आणि तिला लागून असलेली गेज रूम, दोन्ही मानकांनुसार दुरुस्त करायच्या आहेत. हे काम माझ्याकडे आहे.

गेज रूम म्हटल्यावर मला तुमच्याशिवाय दुसरे कोणी आठवले नाही. सात वर्षे तुम्ही तिथे मापनयंत्रे तपासलीत आणि तुमच्या हातून एकही चुकीचे गेज कारखान्याच्या शॉपमध्ये गेले नाही. ते काम बसून करण्यात अडचण काय, हा प्रश्न मी मनुष्यबळ प्रमुख शेखर यांना विचारला. इमारत योग्य झाल्यास तुमच्या पुनर्नियुक्तीबद्दल त्यांचा कल अनुकूल आहे.

तरी कृपया पुढील माहिती लेखी कळवावी: तुमच्या चाकांच्या खुर्चीची रुंदी, वळण्यास लागणारी जागा, बसल्यावर गुडघ्यांची जमिनीपासूनची उंची आणि हात सहज पोचेल ती कमाल उंची. मोजमाप सेंटिमीटरमध्ये असावे.

मातोश्री गोजाबाई व सौ. स्वरूपा यांना नमस्कार. जयमाला आठवण काढते.

आपला,
रोहिदास भिमाजी बोराटे

---

वडगाव, ता. अहमदपूर, जि. लातूर
२५ फेब्रुवारी २०२४

आदरणीय भाऊंना,
सप्रेम जय भीम.

आपला जुना करार होता, घरी भाऊ, कंपनीत साहेब. तुमचं पत्र घरच्या पत्त्यावरून आलं, पण भाषा कंपनीची. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढा मोठा कागद लिवला आन् तब्येत कशी हाय ते इचारलं न्हाई." मी म्हटलं, आई, त्यांनी रुंदी विचारलीय, तब्येतच झाली ती.

माप घ्यायला घरात स्वरूपाचा शिवणाचा टेप आहे. त्याचा पहिला इंच झिजलाय, म्हणून दहापासून मोजलं आणि दहा वजा केले. सवय गेली नाही, काय करणार! खुर्चीची रुंदी चौसष्ट. पण चाकं फिरवताना कोपरं बाहेर जातात, त्यांच्यासकट ऐंशी. दार चौसष्टचं केलंत तर खुर्ची आत जाईल आणि माझी कोपरं बाहेर राहतील. गुडघे बासष्टवर. टेबलाखाली सत्तरची मोकळी जागा द्या, गुडघ्यांवर सात-आठ पाहिजेतच. हात सरळ वर एकशे तीसपर्यंत, पण उजवा नाही. अपघातात उजव्या खांद्यात पट्टी बसवलीय, तो कानाच्या वर जात नाही. वळायला दीड मीटर धरा.

गेज रूमच्या दाराला आत तीन इंचाचा उंबरठा आहे, धूळ येऊ नये म्हणून. तो मीच मागून घेतला होता, २०१७ ला. आता तो मला आत येऊ देणार नाही. तो काढा, आणि धुळीसाठी खाली रबराची पट्टी लावा.

एक विचारू का? "कल अनुकूल" म्हणजे काय? शेखर साहेब नेमकं काय बोलले, तसंच्या तसं लिहा. मी दिवसातून शंभर वेळा ते दोन शब्द मोजतोय आणि प्रत्येक वेळी वेगळं माप येतंय.

वहिनींना नमस्कार. माझी खोली कुणाला दिली?

तुमचा,
बुद्धरत्न सोनकांबळे

---

मोशी,
१८ मार्च २०२४

प्रिय बुद्धरत्न,
सप्रेम नमस्कार.

तुमची मापे मिळाली. उंबरठ्याबद्दलची सूचना मी तशीच नकाशावर चढवली आहे. तुमची खोली कोणाला दिलेली नाही. तिचे दार मात्र मी टेप लावून पाहिले. ते सहासष्ट सेंटिमीटर भरले. तुम्ही सहा वर्षे माझ्या घराचे भाडेकरू होतात, आणि आज तुम्ही आलात तर मी तुम्हाला दारात उभे करू शकेन, आत घेऊ शकणार नाही. "उभे" हा शब्द लिहून झाल्यावर लक्षात आला. खोडलेला नाही.

चौथ्या शनिवारी वर्गात प्रात्यक्षिक झाले. शिकवणाऱ्या उत्कर्षा मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत, पण एक सेंटिमीटरही सोडत नाहीत. त्यांनी प्रत्येकाला खुर्चीत बसवून त्या प्रशिक्षण केंद्राच्याच स्वच्छतागृहापर्यंत जायला लावले. माझी पाळी आली. रॅम्पवर निम्म्यात खुर्ची मागे सरू लागली. मागून ठेकेदार म्हणाला, "काका, पहिला गिअर टाका!" सगळे हसले. मी वर पोचलो. दार माझ्या दिशेने उघडणारे होते. ते ओढायचे तर खुर्ची मागे घ्यायला हवी, मागे उतार. मी कडीला धरून तसाच बसून राहिलो. हसणे थांबले होते. मॅडमनी पुढे येऊन दार उघडले नाही. त्या म्हणाल्या, "आता बोराटे काकांनी काय करावं, हे वहीत लिहा." चाळीस जण लिहीत होते आणि मी तिथे होतो.

मानक असे आहे की रॅम्पचा उतार एकास बारा असावा, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी. आमच्या कंपनीच्या ठेकेदाराने तो एकास नऊ केला होता. लांबी वाचवली. "साहेब, डोळ्याला फरक दिसत नाही," म्हणाला. मी काँक्रीट फोडायला लावले.

शेखर यांचे शब्द तुम्ही विचारले आहेत. संभाषण चालता चालता झाले, शब्दशः देणे योग्य होणार नाही. रोख चांगला होता.

आता एक नाजूक बाब. स्वच्छतागृहाची रचना पक्की करण्यापूर्वी प्रत्यक्ष वापरणाऱ्याचे मत नोंदवून घ्यावे, असे आम्हाला शिकवले आहे. खुर्चीवरून कमोडवर जाताना तुम्ही कोणत्या बाजूने जाता, आधार कोठे लागतो, आणखी काय लागते, हे संकोच न करता लिहावे. ते फाईलमध्ये राहील.

आपला,
रोहिदास बोराटे

---

वडगाव,
७ एप्रिल २०२४

भाऊ,
सप्रेम जय भीम.

हे पत्र लिहायला दोन आठवडे लागले. तुम्ही विचारलेलं इथे मला अजून कुणी विचारलं नाही. डॉक्टरनीसुद्धा नाही, ते सांगतात फक्त.

मी डाव्या हातावर जोर देतो. म्हणून कमोडच्या डाव्या भिंतीला दांडी पाहिजे, सीटपासून वीसेक सेंटिमीटर वर. उजवीकडे खुर्ची लावायला मोकळी जागा. दांडी भिंतीत पक्की बसवा, टाइलवर नुसती ठोकू नका, एका दवाखान्यात माझ्या हातात आली होती.

आणि दुसरं. मला लघवी कळत नाही. दर चार तासांनी नळी घालून काढावी लागते. हे मला माझ्या हातानं जमतं. त्यासाठी बसल्या जागी हात पोचेल अशी एक स्वच्छ फळी पाहिजे, हात धुवायचा नळ पाहिजे आणि पिशवी अडकवायला हूक. कडी आतून लागली पाहिजे. दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत कुणी दार वाजवू नये, एवढंच.

हे मी तुम्हाला लिहिलं. आईला हे वाचून दाखवणार नाही.

इथली बातमी. तालुक्याच्या सेवा केंद्रात बसायला माणूस पाहिजे. दाखले, उतारे, फॉर्म भरणं, सगळं कॉम्प्युटरवर. केंद्र तळमजल्याला आहे, रस्त्याच्या कडेला. चालवणारा माझ्या वर्गातला, नवनाथ. म्हणाला, "तू ये, बाकीचं मी बघतो. पण मे संपायच्या आत सांग, नंतर दुसरा बघावा लागेल." स्वरूपा म्हणते घे. आई म्हणते घे. मी म्हटलं, थांबा, मोशीहून पत्र येऊ द्या.

मला माहीत आहे हे वेडेपणाचं आहे. पण भाऊ, फॉर्म कुणीही भरेल. शून्य पूर्णांक शून्य शून्य एक मिलिमीटरचा फरक बोटाला कळायला मला सात वर्षं लागली. पाय गेले, बोटं आहेत.

तुम्ही सांगाल तसं करीन. नाही म्हणायचं असेल तरी सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

तुमचा,
बुद्धरत्न

---

मोशी,
२० मे २०२४

प्रिय बुद्धरत्न,
सप्रेम नमस्कार.

उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. कामाचा व्याप होता.

रॅम्प पूर्ण झाला. मी स्वतः तीन ठिकाणी मोजला, उतार एकास बारा भरतो. दारांची मोकळी रुंदी नव्वद आहे. गेज रूमचा उंबरठा काढून रबरी पट्टी बसवली. स्वच्छतागृह तुमच्या पत्राबरहुकूम केले आहे: डावीकडची दांडी, फळी, हूक, आतली कडी. दांडीला मी लोंबकळून पाहिले. माझे वजन ब्याऐंशी किलो आहे. हलली नाही.

अभ्यासक्रमाची परीक्षा झाली. चौऱ्याण्णव गुण मिळाले. वर्गात पहिला आलो. उत्कर्षा मॅडमनी प्रमाणपत्र देताना विचारले, "काका, तुमच्या इमारतीत कोण येणार आहे?" मी तुमचे नाव सांगितले.

संपूर्ण फाईलची प्रत शेखर यांनी मागवून घेतली आहे. तपासणी ९ जुलैला आहे. तिच्याआधी नियुक्तीचा विषय काढणे प्रशस्त दिसणार नाही. त्यानंतर तो मार्गी लागावा.

सेवा केंद्राबद्दल तुम्ही मत विचारले आहे. ते काम घेण्याची घाई करू नये, असे मला वाटते. तुमचे कौशल्य वेगळे आहे. थोडा धीर धरावा.

जाता जाता: चाळीतल्या तुमच्या खोलीचे दार मी काढून मोठे करून घेतले. जयमाला म्हणाली, "एवढी भिंत पाडली, आता तो नाही आला तर?" मी तिच्यावर विनाकारण चिडलो.

आपला,
रोहिदास बोराटे

---

वडगाव,
२२ जुलै २०२४

बोराटे साहेब,
जय भीम.

परवा सनीचा फोन आला. गेज रूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा तो. आनंदानं ओरडत होता. "भावा, तुझं नाव स्क्रीनवर होतं राव! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या!" मी म्हटलं, नीट सांग.

त्यानं नीट सांगितलं. मीटिंग हॉलमध्ये तपासणीची सभा झाली. सगळे सुपरवायझर बोलावले होते. पडद्यावर रॅम्पचे फोटो. फोटोत खुर्चीवर स्टोअरचा एक क्लार्क बसलाय, पायात बूट, हसतोय. मग शेखर साहेब म्हणाले की आम्ही दिव्यांग कर्मचाऱ्याशी पत्रव्यवहार करून, त्याचं मत घेऊन ही रचना केली. आणि माझी पत्रं लावली. मराठी एका बाजूला, इंग्रजी दुसऱ्या बाजूला. डावा हात. दांडी. नळी. चार तास. दहा मिनिटं.

सनी म्हणाला, "भावा, ते नळीचं मला माहीतच नव्हतं रे. वाईट वाटलं." हॉलमध्ये साठ माणसं होती. मी त्यातल्या चाळीसेकांबरोबर डबा खाल्लाय.

मी त्याला विचारलं, माझ्या टेबलावर कोण बसतं? तो म्हणाला की नवीन माणूस घेतला, तुला माहीत नाही का, एक जूनपासून. मी विचारलं, जाहिरात कधी निघाली? म्हणाला, मेच्या पहिल्या आठवड्यात, बोर्डावर लावली होती. सही तुमची होती.

तुमचं पत्र वीस मेचं आहे. मी ते परत काढून वाचलं. नवनाथला मी सत्तावीस मेला नाही म्हटलं. त्यानं दोनदा विचारलं. आता तिथे दुसरा बसतो.

स्वरूपा म्हणाली, "तुम्ही माणूस ओळखायला चुकला नाहीत, त्यांचा कागद ओळखायला चुकलात." मला नीट कळलं नाही, पण लिहून ठेवतो.

मी तुमच्याशी भांडणार नाही. माझी एक मागणी आहे. मला का घेतलं नाही, ते कारण लेखी द्या. शब्द तसेच्या तसे. मी दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करणार आहे आणि माझ्याजवळ कंपनीचा एकही कागद नाही. सगळे कागद तुमच्याकडे आहेत, माझेसुद्धा.

बुद्धरत्न सोनकांबळे

---

मोशी,
११ ऑगस्ट २०२४

श्री. बुद्धरत्न सोनकांबळे यांस,
सप्रेम जय भीम.

तुमच्या पत्रातील प्रत्येक गोष्ट खरी आहे. ती मान्य करायला मला वीस दिवस लागले. त्यातले पहिले दहा दिवस मी स्वतःचा बचाव लिहीत होतो. चार मसुदे झाले. चौथा इतका चांगला उतरला की मी तो फाडला.

शेखर यांचे शब्द तुम्ही फेब्रुवारीत मागितले होते. ते आता देतो. दिनांक ६ फेब्रुवारी रोजी, त्यांच्या केबिनमध्ये, मी तुमचे नाव काढल्यावर ते म्हणाले, "बघू, विचार करू. तुम्ही आधी फाईल तयार करा." याहून एक शब्दही जास्त नाही. "कल अनुकूल" हे माझे शब्द होते. मला ते खरे व्हावेसे वाटत होते, आणि वाटणे मी माहिती म्हणून कळवले. तीस वर्षांच्या नोकरीत मी दुसऱ्या कोणाला हे करू दिले नसते.

दिनांक ४ मे रोजी, त्याच केबिनमध्ये, गेज रूमच्या जागेची जाहिरात माझ्यासमोर सहीला आली. मी म्हटले, ही जागा आपण सोनकांबळेंसाठी ठेवली आहे. शेखर म्हणाले, "बोराटे, भावनेत जाऊ नका. व्हीलचेअरवरचा माणूस शॉपच्या शेजारी बसवायचा आणि उद्या आग लागली, काही झालं, तर जबाबदार कोण? तुम्ही?" मी म्हटले, इमारत मानकांप्रमाणे आहे, बाहेर पडण्याचा मार्गही मोजलेला आहे. ते म्हणाले, "इमारत पाहुण्यांसाठी आहे. तो तिथे गावात सुखी आहे." मग त्यांनी पेन पुढे केले. मी सही केली. जबाबदार मी, असे मला म्हणता आले असते. ते फार कठीण वाक्य नव्हते.

त्यानंतर सोळा दिवसांनी मी तुम्हाला धीर धरायला लिहिले. तुम्ही विचाराल, का? तपासणी पार पडली, ग्राहक खूश झाला की पुन्हा शब्द टाकता येईल, असे मी स्वतःला सांगत होतो. हे खरे आहे, पण पूर्ण नाही. तुम्ही सेवा केंद्राचे काम घेतले असते तर माझ्या फाईलमधला वापरकर्ता गेला असता. रॅम्प, दांडी, फळी, सगळे बरोबर, आणि ज्याच्यासाठी केले तो माणूस दुसरीकडे. मला ते अपूर्ण वाटले. एवढ्या कारणासाठी मी तुमचे काम घालवले.

तपासणीच्या दिवशी मी हॉलमध्ये होतो. तुमचे पत्र पडद्यावर आले तेव्हा उठून प्रोजेक्टर बंद करता आला असता. बटण माझ्यापासून दोन हातांवर होते. मी भाषांतरातली एक चूक पाहत बसलो.

स्वच्छतागृहाला सध्या कुलूप आहे. आत छपाईच्या कागदाचे गठ्ठे आहेत. काल मी किल्ली मागितली, तर हाऊसकीपिंगवाल्याने विचारले, "साहेब, आत कशाला? कागद पाहिजे का?"

तुमच्या मागणीप्रमाणे कारण खालीलप्रमाणे देत आहे. हा मजकूर तुम्ही आयुक्तांसमोर अथवा कोठेही वापरू शकता.

"मी, रोहिदास भिमाजी बोराटे, प्रशासन व्यवस्थापक, असे लिहून देतो की श्री. बुद्धरत्न सोनकांबळे हे गेज रूममधील कामास पूर्णतः पात्र होते. सदर जागा त्यांना खुर्चीवरून वापरता येईल अशी करण्यात आली होती व ती मी स्वतः मोजली आहे. त्यांना नाकारण्याचे कारण त्यांचे अपंगत्व हेच होते. ते माझ्यासमोर तोंडी सांगण्यात आले आणि ते माहीत असताना मी जाहिरातीवर सही केली. त्यांच्या खासगी पत्रांचा वापर त्यांच्या परवानगीशिवाय करण्यात आला. ती पत्रे फाईलला मी लावली."

तुमची दोन्ही मूळ पत्रे सोबत आहेत. फाईलमधून कागद काढण्याचा मला अधिकार नाही, तरी ती काढली. प्रती त्यांच्याकडे राहणारच, याचीही मला कल्पना आहे. सोबत जाहिरातीची साक्षांकित प्रत जोडली आहे.

क्षमा मागण्याचे मी टाळले आहे. मागितली तर तुम्हाला उत्तर द्यावे लागेल, आणि तुम्ही भले आहात. नवनाथ यांना फोन करून मी त्यांच्या केंद्रातल्या जागेची चौकशी केली. ती भरली आहे. दुसरी होण्याची शक्यता नाही, असे ते म्हणाले. त्यांचे शब्द तसेच्या तसे: "आता कशाला फोन केलात?"

हे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवत आहे. तुम्ही सही केलेली पावती प्रेषकाच्या पत्त्यावर परत येते. तिच्यावर मी मोशीचा पत्ता लिहिलेला नाही. चाकणचा, कंपनीचा लिहिला आहे. पत्राचा विषय, "श्री. सोनकांबळे यांना नाकारण्याचे लेखी कारण", पावतीवर स्वच्छ अक्षरात आहे. कंपनीत आलेले टपाल रोज सकाळी आधी शेखर यांच्या टेबलावर जाते, आणि तिथून वाटले जाते.

तेव्हा सही करण्यास उशीर करू नये.

आपला,
रोहिदास भिमाजी बोराटे
प्रशासन व्यवस्थापक